एका निळ्या मण्याची जागा

माझी मावशी तुटलेल्या रोझरी, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या जपमाळा, ओवून देते. खिडकीपाशी टेबल, बारीक पक्कड आणि मण्यांच्या डब्या, एवढंच तिचं दुकान. काम वाढावं म्हणून ती कॅथलिक लोकांच्या ऑनलाइन ग्रुपमध्ये सामील झाली, तेव्हा मी नाक मुरडलं होतं. तिथे नुसती शुभ सकाळची फुलं येतात, काम कोण देणार!

एका आजींच्या रोझरीतला निळा काचेचा मणी हरवला. तसा आता मिळत नाही. मावशीने ग्रुपवर फोटो टाकला, "असा सुटा मणी आहे का कोणाकडे?"

आठवड्यात अकरा पाकिटं आली. सुटा कोणाकडेच नव्हता. प्रत्येकाने घरातली चांगली, न तुटलेली रोझरी उसवून एकेक मणी पाठवला होता!

मावशीने एक मणी ओवला, दहा परत केले. त्या दहाही घरांतून रोझरी ओवायला आल्या, सोबत शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तुटक्याही. टेबल पुरेना.

ज्यांचा मणी ठेवला, त्यांना तिने लिहिलं, "तुमच्या रोझरीत दुसरा बसवून देते."

उत्तर आलं, "नको. तिथे गाठ मारली आहे. बोट गाठीवर आलं की आम्ही त्या आजींसाठी प्रार्थना करतो."