चाकांवरच्या घराचे अंगण

९ डिसेंबर, रात्र. राहते घर भाड्याने देऊन आत राहता येईल अशी मोठी गाडी आम्ही घेतली, त्याला महिना झाला. फिरत्या घराला अंगण नसते, असा लोकांचा समज आहे, माझाही होता. पत्नीचे घर मी मोडले की काय, ही धास्ती मी बोलून दाखवली नव्हती. आज सकाळी सात वाजता धरणाकाठच्या माळावर ती गाडीच्या पायरीसमोर रांगोळी काढताना दिसली.

"अगं, तासाभरात निघायचंय ना?"

"निघू की. तोवर हे अंगण माझं. आणि बघून उतरा, नक्षी मोडाल!"

घर भिंतींत असते, असे मी आयुष्यभर धरून चाललो. ते तिच्या चिमटीत असावे.

आज निघालो नाही. संध्याकाळी चाकांपुढे दगड लावले.