इम्प्रूव्ह खोडून एन्हान्स

"इम्प्रूव्ह नाही, एन्हान्स लिही," साहेब म्हणाले. माझा महिन्याचा रिपोर्ट भिंतीवरच्या पडद्यावर. मीटिंगला पंधरा माणसं. "इम्प्रूव्ह म्हटलं की आधी खराब होतं असं दिसतं. आपलं सगळं चांगलंच आहे." मग बाकीच्यांकडे बघून म्हणाले, "कोट्यातून बी.ए. झालं की इंग्रजी असं होतं."

सगळे हसले. मीही हसले. त्या माझ्या हसण्याची मला आजही चीड येते.

परळच्या एका काचेच्या टॉवरमध्ये मी हाउसकीपिंगची सुपरवायझर. हाताखाली नऊ बायका. त्यांचा संडास तळघरात, पार्किंगच्या मागे. दाराला आतून कडी नाही. एक आत गेली की दुसरी बाहेर दाराला पाठ लावून उभी राहते. मी एवढंच लिहिलं होतं: लेडीज टॉयलेट इम्प्रूव्ह करा, कडी हवी.

साहेबांनी शब्द बदलला आणि कडीची ओळ उडवली. "एवढं डिटेल नको." खाली सही माझी. घरी, डिलाईल रोडच्या खोलीत, डिक्शनरी काढून बसले. दोन्ही शब्दांपुढे अर्थ जवळजवळ एकच. म्हटलं, शिकलेली माणसं आहेत, मलाच कळत नसेल. काम झाल्याशी मतलब.

पुढच्या महिन्यात संडासात आरसा आला. सुगंध सोडणारं मशीन आलं.

आमच्या सुनंदाताई माझ्या आईच्या वयाच्या. म्हणाल्या, "आरसा कशाला गं? तू कडी सांगितली होतीस ना?"

रिपोर्टखाली सही माझीच होती, हे काय तोंडाने सांगणार?

त्याच आठवड्यात त्या आत असताना एका ड्रायव्हरने दार ढकललं. बाहेर उभी राहणारी बाई तिथे नव्हती. तिला मीच वरच्या मजल्यावर पाठवलं होतं. सुनंदाताई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. ड्युटीवर पाणी प्यायचं मात्र त्यांनी सोडलं. आत जायला नको म्हणून.

महिनाअखेरीला साहेबांनी कागद पुढे सरकवला. टॉयलेट एन्हान्समेंट पूर्ण. "सही कर."

"नाही करणार. कडी नाही, असं लिहा."

"मग दुसरी नोकरी बघ."

मी पेन उचललं आणि त्याच कागदावर मराठीत लिहिलं: संडासाला कडी नाही. सही केली नाही.

कडी अजून लागलेली नाही. माझी नोकरी किती दिवसांची, ठाऊक नाही. मला इथे कोणी भीत नाही. पण वाईटाला वाईट म्हणायला आता मी कोणाची परवानगी मागणार नाही. यांच्या खोट्याखाली माझं नाव पडणार नाही.