चकात राहिलेली चावी

मशीन टेम्पोतून उतरवलं तेव्हा गल्लीतली चार-पाच माणसं बघायला जमली होती. संगमनेरात घरामागच्या शेडमध्ये कुणी स्कूटर ठेवतं, कुणी कांदे. मी लेथ आणली. नुसती लेथही नव्हे. खाली लेथ आणि मागच्या खांबावर लोखंड सपाट कापणारं मिलिंगचं डोकं, असं ते जोडमशीन होतं. नगरकडचं एक लहान वर्कशॉप बंद पडलं, तिथून ते मिळालं. मी सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात टर्नर होतो, तिथूनच निवृत्त झालो. आता जरा देवदर्शन करावं, असं बायकोचं म्हणणं होतं. माझं म्हणणं एवढंच की हाताला दुसरं काही येत नाही.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले. शेडची फरशी उखडून पाया खणला, सळया टाकल्या, काँक्रीट भरलं आणि तीन आठवडे रोज सकाळी त्यावर पाणी मारलं. मशीन बसवल्यावर लेव्हल ठेवून चारही कोपऱ्यांत पत्र्याच्या पातळ पट्ट्या सरकवत राहिलो. बुडबुडा मध्यावर यायला दोन दिवस लागले. घरच्या विजेवर चालावं म्हणून मोटरीला ड्राइव्ह जोडला. बायकोने मशीनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग चकात एक जुना रॉड धरला, आवळला आणि हिरव्या बटणाकडे हात नेला.

हात तिथेच थांबला. चकात चावी राहिली होती.

चक म्हणजे लेथची फिरती पकड. काम त्यात धरायचं, टी-आकाराच्या चावीने आवळायचं आणि चावी लगेच काढायची. चावी चकात असताना हात सोडायचा नाही, हे आयटीआयमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात. कारण मशीन सुरू झालं की ती गोळीसारखी सुटते.

मी खाली वाकून पाहिलं. चकात चावी नव्हती. ती माझ्या डाव्या हातात होती.

त्या दिवशी मशीन चालू केलं नाही. बायकोला सांगितलं, वायरिंग एकदा तपासायला हवं.

दुसऱ्या दिवशी चालू केलं, पण त्याआधी पाच वेळा पाहिलं. पुढे हे रोजचंच झालं. चावी ट्रेमध्ये ठेवायची, ट्रेकडे बघायचं, चकाकडे बघायचं, पुन्हा ट्रेकडे. जेवायला बसलं की घास हातात असताना वाटायचं, चावी तिथेच राहिली. ताट सोडून उठायचो, शेडमध्ये जायचो. मशीन बंद, मेन स्विच बंद, चावी ट्रेमध्ये. परत येऊन बसेपर्यंत भाकरी गार. कधी कधी अंगणात उभा असताना शेडमधून लोखंडावर लोखंड आदळल्याचा एक बारीक आवाज यायचा. शेजारी कुठे बांधकाम नव्हतं. मी जाऊन बघायचो, तर काही नसायचं.

एकदा बायकोने शांतपणे विचारलं, “तिथून तुम्हाला कुणी हाक मारतं का?”

मी म्हणालो, नाही. पण खरं तर हाक मारणारा कोण, हे मला ठाऊक होतं.

सुप्याला मी आणि कारखान्यातला एक जोडीदार एका खोलीत राहायचो. तो राजूरजवळच्या डोंगरातल्या वाडीचा, शेतकऱ्याच्या घरातला. मी मास्तराचा मुलगा. कामालाही एकाच मशीनवर होतो. मी दिवसपाळीला, तो रात्रपाळीला. मी परतायचो तेव्हा तो निघायचा. एकाची झोप झाली की दुसरा त्याच खाटेवर आडवा व्हायचा. वर्षानुवर्षं असं चाललं होतं. तो माझ्यापेक्षा चांगला टर्नर होता. मी मायक्रोमीटर लावून जे सांगायचो, ते तो बोटाने चाचपून सांगायचा.

एका शनिवारी मला गावी यायचं होतं. भोंगा व्हायच्या जरा आधी मी नवं काम चकात धरलं, अर्धवट आवळलं. म्हटलं, त्याला आल्याबरोबर सुरू करता येईल. तेवढ्यात भोंगा झाला. बाहेर आमच्याकडे येणारी जीप हॉर्न वाजवत होती. मी धावलो. गेटवर कार्ड काढताना आठवलं की चावी चकातच राहिली, पलीकडच्या बाजूला. तिथून मशीन शंभर पावलांवर असेल. मी मनात म्हणालो, तो बघेलच की. आणि जीपमध्ये जाऊन बसलो.

त्याने पाहिलं नाही. त्याचा डावा डोळा गेला. मागे पडताना डोकं फरशीवर आपटलं, दोन दिवस तो शुद्धीवर नव्हता. सोमवारी साहेबांनी मला बोलावून विचारलं, जाताना चावी जागेवर ठेवली होती ना? मी हो म्हणालो. एवढा एकच शब्द बोललो. पुढे कागद झाला की कामगाराने स्वतः चावी लावली आणि काढायला विसरला. मी त्याला दोनदा दवाखान्यात भेटलो. तो गावी निघून गेला. मग मी एकट्याच्या खाटेवर झोपू लागलो आणि त्याच मशीनवर पुढची चौदा वर्षं काम केलं. कारखान्यात असताना मला असे भास कधी झाले नाहीत. तिथे चहूकडे आवाज असतो, माणसं असतात. घरच्या शेडमध्ये मी आणि मशीन, दोघंच होतो.

मग मी मशीन सुधारायला घेतलं. आधी चावीला स्प्रिंग बसवली, म्हणजे हात सोडला की ती आपोआप चकाबाहेर पडेल. चकावर झाकण केलं आणि त्याला स्विच जोडला. झाकण उघडं असेल तर मोटर सुरूच होणार नाही. तांबडं मोठं बटण लावलं, छत्रीच्या आकाराचं, कुठूनही थाप मारली की बंद. तरी समाधान होईना, म्हणून चावी अडकवायला खुंटी केली आणि तिलाही स्विच बसवला. चावी खुंटीवर नसेल तर मशीनला वीजच मिळायची नाही. आता चुकायला जागाच उरली नव्हती. तरीही हिरव्या बटणापाशी हात थांबायचा तो थांबायचाच.

मिलिंगच्या डोक्याचं मात्र जमेना. त्याने पृष्ठभाग सपाट केला की कापाच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये बारीक पायरी राहायची. डोकं केसभर कललेलं होतं. ते सरळ करायला दोन माणसं लागतात, एकाने डायलची सुई बघायची आणि दुसऱ्याने हलकेच ठोकायचं. मी स्वतःला सांगितलं, यासाठी त्याला बोलवावं. संगमनेरात दुसरा माणूस मिळाला नसता असं नाही.

राजूरला गेलो तेव्हा तो बाजारपेठेच्या कडेला पोत्यावर बसला होता. विळ्या-खुरप्यांना लाकडी मुठी बसवून द्यायचा. सगळं हाताने, तासणी आणि कानस घेऊन. मला बघून उठला, मिठी मारली. इतक्या वर्षांत का आला नाहीस, हे विचारलं नाही. त्याच्या घरी जेवलो. टाकीतलं पाणी संपलं होतं. त्याने बायकोला हाक मारली आणि पंपाचं बटण तिने येऊन दाबलं. बटण त्याच्या हाताच्या अंतरावर होतं. मला ते खटकलं. मी मशीनचं सांगितलं आणि संगमनेरला यायला आवडेल का, एवढंच विचारलं.

“बगायला येतो,” तो म्हणाला. “हात न्हाई लावायचो.”

पुढच्या रविवारी तो पहिल्या एसटीने आला. मशीनभोवती दोनदा फिरला, बेडवरून, म्हणजे लेथच्या लांब पाटावरून, बोट फिरवलं आणि डाव्या टोकाकडे घासलंय, म्हणाला. बरोबर होतं. मग डोक्याचं काम काढलं. आधी तो हात मागे बांधून उभा राहिला. मी ठोकायचो, तो सुई बघून सांगायचा, “आजून. लई झालं. माघारी घे.” तासाभराने त्याला माझं ठोकणं बघवेना. त्याने हातोडी माझ्या हातातून घेतली. मशीन बंद होतं, तरी मेन स्विच पडलाय ना, हे त्याने मला बघून यायला लावलं. दुपारपर्यंत सुई दोन्ही बाजूंना एकाच रेघेवर यायला लागली. तो हसला. त्या हसण्याने मला खोलीतले दिवस आठवले.

हात पुसताना त्याची नजर चकाच्या झाकणावर गेली. त्याने ते उघडून पाहिलं. चावी दाबून पाहिली, स्प्रिंग पाहिली, खुंटीवरचा स्विच पाहिला.

“बरं केलंस,” तो म्हणाला. “माझ्यासारख्या इसराळू मानसाला हेच पायजे हुतं.”

मी त्याला थांबवलं आणि सांगितलं. भोंगा, जीप, गेट, कार्ड, सगळं. साहेबांनी काय विचारलं आणि मी काय म्हणालो तेही. बोलताना मी मशीनच्या हँडलकडे बघत होतो.

त्याने विचारलं, “गेटावर आठावलं हुतं?”

“हो.”

“आनि माघारी न्हाई आलास.”

“नाही.”

तो स्टुलावर बसला. त्याला त्या दिवसाचं काहीच आठवत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. पाळीवर जाताना चप्पल घातली तिथपर्यंत आठवतं, पुढचं एकदम दवाखान्यातलं. चावी तूच विसरलास, असं साहेबांनी सांगितलं, आणि त्याने सही केली. कधीच कशात न चुकणारा माणूस आपण, मग ही चूक कशी झाली, याचा तो चौदा-पंधरा वर्षं विचार करत होता. घरी आल्यावर एकदा उसाच्या चरकावर काम मिळत होतं, ते सोडलं. गिरणी टाकायचं ठरलं होतं, तेही सोडलं. मुलगी लहान असताना तिला घरातल्या पंख्याजवळसुद्धा तो कधी उचलून घ्यायचा नाही.

“डोळ्याचं काय न्हाई,” तो म्हणाला. “डोळा गेला, गेला. पर मी माझ्या हाताला भेत हुतो रं. सोताच्या हाताला.”

मी इतकी वर्षं त्याचा एक डोळा माझ्या अंगावर आहे असं धरून चाललो होतो. बाकीचं मला माहीतच नव्हतं. माफ कर, असं काहीतरी मी पुटपुटलो असेन. त्याने ते ऐकलं नसावं. बायको चहा घेऊन आली, तर तो उठला. एसटी चुकेल म्हणाला, आणि पिशवी घेऊन निघाला. एसटीला अजून दीड तास होता. मी मागे गेलो नाही. तेव्हाही गेलो नव्हतो, आणि आता गेलो असतो तरी काय बोलणार होतो.

त्या संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला वाटलंच होतं काहीतरी आहे, पण हे वाटलं नव्हतं. तीन-चार दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

शेडला मी कुलूप लावलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. माघात त्याचा फोन आला. कसा आहेस वगैरे काही नाही.

“मला मशीन चालवायचंय,” तो म्हणाला. “तू तिथं नसलास तर बरं.”

तेव्हापासून तो आठवड्यातून एकदा येतो. शेडची किल्ली माझ्या बायकोकडून घेतो. मी गच्चीवर नाहीतर पुढच्या ओट्यावर असतो. आधीचे तीन-चार आठवडे शेडमधून काहीच ऐकू आलं नाही. तासन्‌तास तो आत नुसता असायचा. मग एक दिवस मोटरीचा आवाज आला आणि लगेच बंद झाला. पुन्हा आला, पुन्हा बंद. दहा-बारा वेळा असंच झालं. त्यानंतर मात्र ती सुरूच राहिली, सावकाश, अगदी कमी वेगावर. मी ओट्यावर वर्तमानपत्र धरून बसलो होतो, एक ओळ वाचली नाही.

बायको आत चहा नेऊन देते, तिच्याशी तो बोलतो. मुलीच्या लग्नाचं बघतोय, असं तिला म्हणाला. माझ्याबद्दल ती काही काढत नाही, तोही नाही. एकदा दारातून निघताना आमची समोरासमोर गाठ पडली. त्याने मान हलवली. ती कशासाठी, ते मला सांगता येणार नाही.

मी आता मशीनवर फारसा जात नाही. गेलो तर जागा माझी वाटत नाही. हत्यारं वेगळ्या क्रमाने लावलेली असतात, कापणारं पातं धरणाऱ्या टूलपोस्टची उंची बदललेली असते, स्टूल खिडकीकडे सरकवलेलं असतं, त्याच्या चांगल्या डोळ्याला उजेड मिळावा म्हणून. खुंटीवरचा स्विच त्याने काढून टाकला आहे. मी तो परत बसवला नाही. अंगणात ऐकू येणारे ते आवाज अजून येतात. आता निदान आठवड्यातून एकदा ते खरे असतात.

तो काय बनवतो, मला ठाऊक नाही. बनवलेलं पिशवीत घालून घेऊन जातो. तो गेल्यावर मी आत जातो आणि मशीनखालच्या ट्रेमध्ये पडलेला धातूचा कीस बघतो. आधी लोखंडाचा असायचा, तुटका, ओबडधोबड. गेल्या आठवड्यात पितळेचा होता, एकसारखा, बारीक. हात लावला तर अजून कोमट होता.