आत्याच्या छातीवरची नागीण

मी पदवीधर झालो तो आत्यामुळे. विधवा होऊन ती चाकणजवळच्या आमच्या गावी परतली, दुसऱ्यांचे कांदे निवडून तिने मला शिकवलं. माझ्या शेजारी बसून माझ्याच पुस्तकांवर तीही वाचायला शिकली. पुढे मला पिंपरीत औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली.

त्याच्या आदल्या वर्षी कॅन्सरमुळे पुण्यात तिचा डावा स्तन काढला होता. रोग गेला, असंच आम्ही धरून चाललो होतो.

एका रविवारी गावी गेलो, तर तिच्या पदराला तांबडी काव लागलेली.

"हे काय गं?"

"नागीण उठलीया. तोंड अन् शेपूट जुळायच्या आत लेप दिला म्हंजी सुकती."

आमच्याकडे नागिणीवर असाच कावेचा लेप देतात. पण मला ते पटेना. नागिणीची आग कपडासुद्धा लागू देत नाही. ही तर खुशाल कांदे निवडत होती.

"दुखतं का?"

"न्हाई."

"कधीपासून आहे?"

"दिवाळीपासनं."

होळी जवळ आली होती. फार आग्रह केला तेव्हा तिने पदर जरासा सरकवला. जुन्या टाक्यांच्या कडेने मसुरीएवढ्या लालसर, टणक गाठी होत्या. पाण्याचा फोड एकही नव्हता.

"दवाखान्यात चल."

"लई शिकलास बाबा! कापून टाकल्याला रोग माघारी येतो व्हय?"

पुण्यात तिचं ऑपरेशन झालं त्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "स्तन काढला तरी रोग थोडा मागे राहून छातीच्या कातडीत वाढू शकतो. पाहिल्याशिवाय सांगणार नाही. घेऊन या."

मी आत्याला पत्र धाडलं आणि ती आली. कातडीचा तुकडा तपासला आणि संशय खरा निघाला. किरणांच्या उपचारांनी गाठी बसल्या, चिघळल्या नाहीत. आजार मात्र गेला नाही. तिला पुण्याला आणणारं पत्र हे:

तीर्थरूप आत्यास,
साष्टांग नमस्कार.
ही नागीण नसावी, असा मला संशय आहे. जुनाच रोग कातडीत उतरला असेल. माझं चुकलं तर हवं तेवढं हस. पूर्ण बरं वाटेल असं वचन मी देत नाही, पण जखम व्हायच्या आत दाखवू. तपासणारी बाई आहे, पुरुष कोणी आत येणार नाही. लेप धुऊन ये. शनिवारी मी पुण्याच्या स्टँडवर उभा आहे. आली नाहीस, तर रविवारी न्यायला येतो.