दोन कीबोर्ड आणि माझा उजवा हात

माझ्या भावांनी माझ्यासाठी स्वतःच्या हातांनी कीबोर्ड बनवले, हे ऐकलं की लोकांचे डोळे भरून येतात. किती नशीबवान गं तू, म्हणतात. मी मान डोलावते. लोकांच्या भाबडेपणाची मजा बघायची सवय मला कोर्टाबाहेर बसून लागली आहे.

जळगावला कोर्टाजवळच्या एका गाळ्यात माझं टेबल आहे. प्रतिज्ञापत्रं, खरेदीखतं, भाडेकरार, सगळं मराठीत टाइप करून देते. नवऱ्याचं घर सोडलं तेव्हापासून या टेबलावर जगले, कुणाच्या दारात गेले नाही. मग उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. आधी अंगठा, मग शेजारची बोटं. चहाचा कप हातातून सुटायचा. डॉक्टर म्हणाले, मनगटात नस दबली आहे, ऑपरेशन करा आणि काही महिने टायपिंग बंद ठेवा. काही महिने! इथे आठवडाभर टेबल रिकामं दिसलं तर दुसरा कुणीतरी खुर्ची टाकून बसतो. मग निदान मनगट सरळ राहील असा कीबोर्ड तरी वापरा, असं ते म्हणाले. हे मी फोनवर थोरल्याला सांगितलं आणि तिथून सगळं सुरू झालं.

थोरला दीपनगरला वीज केंद्राच्या कॉलनीत राहतो, वायरी आणि मीटरं यांच्यात त्याची हयात गेली. धाकटा धुळ्याच्या एका कॉलेजात लॅब सांभाळतो, तिथे थ्रीडी प्रिंटर आहे. दोघांचं लहानपणापासून पटत नाही. शेतात एकाने विहिरीवर मोटर बसवली की दुसऱ्याला तिच्याहून मोठी हवी. थोरला माझ्यासाठी कीबोर्ड बनवतोय हे कळल्यावर धाकट्याला झोप कशी लागणार?

थोरल्याचा कीबोर्ड प्लायवूडचा, सपाट, मधोमध दोन तुकडे केलेला. डावा तुकडा डाव्या खांद्यासमोर, उजवा उजव्यासमोर. प्रत्येक बोटाची बटणं त्या बोटाच्या लांबीप्रमाणे वरखाली सरकवलेली. त्यासाठी त्याने पुठ्ठ्यावर पंजा ठेवून पेन्सिलीने रेघ ओढली होती. पंजा त्याचा स्वतःचा. घरात मोजायला तोच हाताशी होता, म्हणाला. माझा अंगठा त्याच्या अंगठ्याच्या बटणांपर्यंत पोचायचा नाही. शिवाय प्रत्येक बटण टकटक वाजायचं आणि इतकं जड, की चार ओळींत माझं कोपर भरून यायचं.

धाकट्याचा दिसायला देखणा. प्रिंटरवर काढलेला, काळा, भरीत ठेचायच्या लाकडी बडगीसारखा खोलगट, म्हणजे बोटं न ताणता आपोआप बटणांवर पडतात. बटणं हलकी, फुंकर मारली तरी दबतील अशी. मनगटाला खरंच आराम पडला. पण त्याने नेटवरचा बटणांचा नकाशा उचलला होता आणि तो इंग्रजीचा. उजव्या करंगळीच्या पलीकडे मराठी टायपिंगची कितीतरी अक्षरं असतात, तिथे त्याने बटणंच ठेवली नव्हती. ती अक्षरं हवी असतील तर अंगठ्याने एक बटण दाबून धरायचं. कुठल्या अंगठ्याने? ज्याला जाणीवच उरली नव्हती त्याच. मी हे सांगितलं तर म्हणाला, "अक्का, सगळं जग इतक्याच बटणांवर टाइप करतं."

दर रविवारी कुणीतरी एक यायचा, माझ्या डोक्यावर उभा राहून मला टाइप करायला लावायचा आणि दुसऱ्याच्या कीबोर्डला नावं ठेवायचा. हात दुखतो का, हे विचारायचं दोघांकडूनही राहून जायचं. तरी मला बरं वाटायचं, हे लपवण्यात अर्थ नाही. वडील गेल्यावर चोपड्याच्या शेतातल्या माझ्या हिश्शाचं हक्कसोडपत्र मीच टाइप केलं होतं, एकही चूक न करता. त्यानंतर भावांनी माझ्यासाठी काही केलं असेल तर ते हेच.

हिवाळ्यात त्याच शेतात भरीत पार्टी ठरली. सगळ्यांसमोर मी दोन्ही कीबोर्डांवर एकेक पान टाइप करायचं आणि निकाल द्यायचा. दोघे भाऊ कापसाच्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजत होते. मी पंपघराच्या मागे हात धुवत होते.

"जेना बोर्ड नापास व्हई, तेना घर ती ऱ्हाई," थोरला म्हणाला.

"मंजूर शे," धाकटा म्हणाला.

ज्याचा कीबोर्ड हरेल त्याच्या घरी मी राहायचं, अशी पैज लावून दोघे हसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं कशावर तरी एकमत झालं होतं. म्हणजे माझा हात जाणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. प्रश्न एवढाच होता, की हात गेल्यावर ही पीडा कोणाच्या स्वयंपाकघरात पडायची. कीबोर्ड त्यासाठी होते. मला रडू आलं नाही, संताप आला. नळाखाली हात धरून मी तशीच उभी राहिले.

मग मी बाजेवर लॅपटॉप घेऊन बसले. दोन्ही वहिन्या माझ्या बोटांकडे अशा बघत होत्या, जणू निवडणुकीची मतमोजणी चालली आहे. थोरल्याच्या कीबोर्डावर मी अख्खं पान टाइप केलं. कोपरापर्यंत आग होत होती, मी हसत होते. धाकट्याच्यावरही केलं, मेलेला अंगठा बटणावर दाबत, तितक्याच वेगाने, बिनचूक.

"दोन्ही झकास," मी म्हणाले. "हात एकदम बरा झाला. आता ऑपरेशन नको न् काही नको."

थोरल्याने धाकट्याच्या पाठीवर थाप मारली. वहिन्यांचे चेहरे असे खुलले की मला त्यांची कीव आली.

केळीच्या पानांवर पंगत बसली. भरीत, कळण्याची भाकरी, वर तेल. मी भाकरी तोडायला गेले आणि बोटं मिटेनात. पुन्हा प्रयत्न केला. भाकरी पानावरून घसरून मातीत पडली. दुसरी घेतली आणि डाव्या हाताने तोडली.

"डावा हात काबर लावस व जेवनले?" मोठी वहिनी म्हणाली.

"उजवा चालत नाही," मी म्हणाले. "भरवता का?"

मी थोरल्याकडे बघितलं, मग धाकट्याकडे. हात बरा झालेला नाही, हे दोघांनाही कळलं होतं. थोरला खाली मान घालून कांद्याची पात मोडत राहिला. धाकट्याने वाढणाऱ्याला हाक मारली आणि आणखी भरीत मागितलं.