‘राहू दे’ म्हणणारा पेशंट

आमच्या नर्सिंग शाळेत बाईंना दोन नावं होती. तोंडावर ‘बाई’ आणि पाठीमागे ‘सुरकुती’. सरावाच्या खोलीत आम्ही पलंगावर चादर घातली की बाई तिच्यावरून तळहात फिरवायच्या, आणि कुठे एखादी सुरकुती लागली की अख्खी चादर ओढून पुन्हा आमच्या हातात द्यायच्या. “तुझ्या डोळ्याला ही दिसत नाही ना? ज्याला हलता येत नाही त्याच्या पाठीला विचार,” असं वर ऐकवायच्या. आज माझ्या घरी पाहुणे पलंगावर बसायला बिचकतात. नवरा म्हणतो, “लग्न तुझ्याशी केलं, पण संसार तुझ्या बाईंबरोबर चाललाय.”

बाई अंगानं लहानखुऱ्या, पण नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. त्यांची एक पद्धत होती. प्रत्येक नव्या मुलीनं एक सकाळ सरावाच्या खोलीत पेशंट होऊन पडायचं. हात-पाय हलवायचे नाहीत. तहान लागली तर मागायचं, नाक खाजलं तर सांगायचं. बाकीच्या मुलींनी तिला भरवायचं, तिचे केस विंचरायचे, तिला कुशीवर वळवायचं आणि कपड्यांवरूनच का होईना, बेडपॅन द्यायचं.

मी नर्सिंगला आले होते ती घरच्यांच्या आग्रहाखातर. दुसऱ्याचं अंग पुसायची मला मनापासून किळस होती आणि पळून जायचं मी पक्कं ठरवलं होतं. तेवढ्यात पेशंट व्हायची माझी पाळी आली. मी पाणी मागितलं. माझ्या मैत्रिणीनं दुसरीशी गप्पा मारता मारता पेला माझ्या तोंडाला लावला. पाणी गळ्यावरून ओघळत पाठीखाली गेलं आणि मला ते पुसता येईना. मग बेडपॅन आलं. पोरी खिदळल्या आणि मला एकदम रडू फुटलं. नुसता सराव, अंगावर सगळे कपडे, तरी लाजेनं जीव नकोसा झाला. बाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं, पडदा ओढला आणि स्वतःच्या हातानं माझी मान पुसली.

“हे आजारपण,” त्या म्हणाल्या. “बाकीचं पुस्तकात आहे.”

मी पळून गेले नाही. मला कुणी नर्स केलं असं विचारलं तर मी त्या पडद्याआडच्या सकाळचंच नाव घेईन.

बाईंची बरीचशी शिकवण अशी चालता-बोलता मिळायची. पेशंटच्या तोंडाकडे बघण्याआधी त्याच्या उशाशी ठेवलेल्या पाण्याच्या जगाकडे बघा; तोंड खोटं बोलतं, पाण्याचा जग बोलत नाही. जो पेशंट ‘राहू दे’ म्हणतो त्याच्याकडे आधी जा. आणि पेशंटनं आभार मानले तर ‘त्यात काय एवढं’ म्हणून उडवून लावायचं नाही. “पडलेल्या माणसाकडे द्यायला तेवढंच उरलेलं असतं. ते घ्यायचं,” असं त्या सांगायच्या. हे शेवटचं मला कधीच नीट जमलं नाही. कुणी हात जोडले की माझ्या तोंडून आपलं ‘त्यात काय एवढं’ निघून जायचंच.

निवृत्त झाल्यावर बाई आपल्या दोन खोल्यांच्या घरात एकट्याच राहायच्या. तिथे पडदा धुवायला काढताना त्या स्टुलावरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. आयुष्यभर दुसऱ्यांना ‘स्टुलावर चढू नका’ सांगणाऱ्या बाई! ऑपरेशन आमच्याच हॉस्पिटलात झालं आणि मी इन्चार्ज असलेल्या वॉर्डातच त्या आल्या. मी नेमकी रजेवर, आईकडे गेले होते.

परत आले तर बाईंची खोली बघण्यासारखी होती. खिडकीत फुलं, डोक्याखाली गुबगुबीत उशा आणि चादर अशी की तिच्यावर मुंगी घसरावी. वॉर्डातल्या जवळजवळ सगळ्या सिस्टर बाईंच्या विद्यार्थिनी. कौतुकाला काही कमी नव्हतं. पण बाई अजून उभ्या राहिल्या नव्हत्या. व्यायाम करून घेणारी मुलगी रोज वॉकर घेऊन यायची, बाई पलंगाच्या कडेला बसल्या की त्यांना घेरी यायची आणि ती मुलगी वॉकर घेऊन परत जायची.

दाराबाहेर बाईंची भाची मला भेटली. चांगली पोर, डोळे रडून सुजलेले. “डॉक्टर म्हणतात, या वयात फार दिवस आडवं राहिलं तर मग चालणं अवघड. चालता आलं नाही तर मावशीला मी माझ्याकडे नेणार. पण ती तिचं घर सोडून जगेल का हो सिस्टर?”

मी आत गेले. सवयीनं आधी उशाशी ठेवलेला पाण्याचा जग बघितला. काठोकाठ भरलेला.

“हा कधी भरला?” मी ड्युटीवरच्या सिस्टरला विचारलं.

“सकाळी पहिल्यांदा.”

आता दुपारची जेवणं उरकत आली होती. मी बाईंना जीभ दाखवायला सांगितलं. कोरडी ठाक. मग पायाकडची चादर वर केली. उजव्या टाचेवर लाल चट्टा होता. बोटानं दाबून सोडला. दाबल्यावर पांढरी पडून पुन्हा लाल होते ती त्वचा ठीक. ही लालच राहिली. पडून पडून होणाऱ्या जखमेची, बेडसोअरची, सुरुवात अशीच होते.

बाहेर येऊन मी त्या सिस्टरला फैलावर घेतलं. ती बिचारी हात चोळत म्हणाली, “अहो, आम्ही सारखं विचारतो, बाई, कुशीवर वळवू का? बेडपॅन देऊ का? त्या म्हणतात, राहू दे गं, तुमची कामं करा. आता बाईंपुढे कोण बोलणार?”

भीड भिकेची बहीण म्हणतात ते असं. ज्यांनी ‘राहू दे’ ऐकू नका म्हणून शिकवलं, त्यांचंच ‘राहू दे’ माझ्या वॉर्डानं आज्ञा म्हणून पाळलं होतं! दुसरा कुठला पेशंट असता तर याच पोरींनी त्याला दटावून वळवलं असतं.

टाचेखालची जागा मोकळी राहील अशी पोटरीखाली उशी देऊन मी पडदा ओढला आणि पलंगाशी बसले.

“बाई, पाणी का पीत नाही?”

“तहान नाही.”

“बाई.”

पडद्याकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, “पाणी प्यायलं की जावं लागतं. जायचं म्हणजे तुमच्यातल्या कुणाला तरी हाक मारायची. ज्या पोरींना धाकात ठेवलं, त्यांच्यापुढे... नाही होत गं माझ्याच्यानं.”

“म्हणून पाणी तोडलंत? अहो, त्यानंच घेरी येतेय तुम्हाला! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.”

असं मी बाईंना बोलले! माझं मलाच खरं वाटेना. पण बाई चक्क हसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्याही. मी त्यांचा हात धरून बसले. पण नुसतं रडून पाणी पोटात जात नाही, तेव्हा म्हटलं, “बाई, माझ्याकडे नव्या पोरी आल्यात शिकायला. त्यांना पेशंट हवाय.”

“शाळेत सरावाचा पुतळा आहे की.”

“पुतळा ‘राहू दे’ म्हणत नाही, बाई.”

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. वर्गात आम्ही चुकीचं उत्तर देणार असलो की बघायच्या, अगदी तसंच. मग म्हणाल्या, “बोलव.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चार मुली पलंगाभोवती उभ्या राहिल्या. नवे गणवेश, घाबरलेली तोंडं. बाईंचा आवाज आधी बारीक होता, पण पहिलीच चूक दिसली आणि त्याला धार चढली.

“हात गार आहेत. आधी चोळ. मी काय भाजी आहे, गार हातानं उचलायला? दोन गुडघ्यांमध्ये उशी कुठेय? ऑपरेशन झालेला पाय असा लोंबकळू द्यायचा? आणि वळवायच्या आधी मला सांग ना, काय करतेयस ते!”

पोरींनी त्यांना वळवलं. एकीनं पेला धरला. बाई म्हणाल्या, “माझ्याकडे बघ. पेल्याकडे नको, माझ्या गळ्याकडे बघ. गिळलं का? आता पुढचा घोट.” त्यांनी अख्खा पेला संपवला आणि दुसरा मागितला.

थोड्या वेळानं त्यांनी चादरीची कड मुठीत धरली. मला कळलं आणि मी पुढे झाले, तर त्यांनी मानेनंच मला थांबवलं.

“मुलींनो,” त्या म्हणाल्या, “मला बेडपॅन हवंय. खरंखुरं. आधी काय कराल?”

सगळ्यात लहान दिसणारी मुलगी पुढे आली आणि तिनं पडदा ओढून घेतला.

“शाबास,” पडद्याआडून आवाज आला.

मी बाहेर उभी राहून रडले. इन्चार्ज सिस्टरनं वॉर्डात रडू नये, पण रडले.

त्यानंतर बाईंनी हाक मारायची सोडली नाही. उलट इतक्या हाका मारायला लागल्या की पोरी पळता पळता दमल्या! पाण्याचा जग रिकामा होऊ लागला आणि घेरी थांबली. टाचेचा लाल रंग फिका होत गेला आणि कातडी शाबूत राहिली. वॉकर आणणारी मुलगी आता वॉकर तसाच परत नेत नव्हती. बाई आधी पलंगापाशी उभ्या राहिल्या, मग खिडकीपर्यंत गेल्या, मग ओठ घट्ट दाबून अख्ख्या वॉर्डाला फेरी घालून आल्या. वाटेत एका पलंगावरून तळहात फिरवून त्यांनी तिथल्या सिस्टरला पुन्हा चादर घालायला लावली, तेव्हा डॉक्टरांनी हसत घरी जायची परवानगी दिली. आपल्या घरी, त्या दोन खोल्यांत. भाची महिनाभर त्यांच्याकडे येऊन राहणार होती.

निघताना त्या चौघी मुली दाराशी ओळीत उभ्या होत्या. वॉकर धरून चालत आलेल्या बाई प्रत्येकीपुढे थांबल्या आणि “आभारी आहे हं,” म्हणाल्या. पोरी लाजून पायांकडे बघू लागल्या. मग बाई माझ्यापुढे आल्या. वॉकरवरचा एक हात सोडून त्यांनी माझा हात धरला.

“तुझे फार फार आभार गं.”

‘त्यात काय एवढं, बाई’ अगदी ओठांवर आलं होतं. बाई माझ्याकडे रोखून बघत होत्या. मी ते गिळलं.

“हो, बाई,” मी म्हणाले. “घेतले.”