सासूबाईंचं वजन

मी वजन करणारी बाई आहे. ज्याचं वजन होतं ते आहे, ज्याचं होत नाही ते नाही — माझ्यापुरतं जग इतकं सोपं होतं. इंदूरच्या परदेशीपुऱ्यात वाढले, तिथे आमच्या गल्लीत बंद मिलच्या चिमणीवर कोण दिसतं, कोण हाक मारतं, हे चवीनं सांगितलं जायचं. मी तेव्हाही विचारायचे, "पण पाहिलं कुणी? तू पाहिलंस?" या सदरातले अनुभवही मी आजवर चहाबरोबर खारी खावी तसे वाचले, मजेत आणि एकावरही विश्वास न ठेवता. आज मीच लिहितेय. हसायचं त्यांनी खुशाल हसावं, मी तेच केलं असतं.

इंदूरहून पीथमपूरकडे जाताना एक टेस्टिंग लॅब आहे, तिथे मी नोकरी करते. हायवेवरच्या डिझेल ट्रक-बसना धूर कमी करण्यासाठी सायलेन्सरच्या आधी एक फिल्टर बसवतात. तो खरंच काजळी अडवतो की नुसता मिरवतो, हे आम्ही तपासतो. ट्रकच्या केबिनमध्ये एक मशीन ठेवायचं, फिल्टरमधून बाहेर पडलेला थोडा धूर नळीनं त्या मशीनपर्यंत आणायचा आणि एका गोल पांढऱ्या कागदातून ओढून घ्यायचा. कागद केवढा, तर पाणीपुरीच्या पुरीएवढा. काजळी त्यावर बसते. ट्रक निघण्याआधी कागदाचं वजन, परत आल्यावर पुन्हा वजन. जेवढं वाढलं तेवढी काजळी.

हे वजन मी करते. त्यासाठी वेगळी खोली आहे — गाळलेली हवा, बारा महिने एकच तापमान, दाराला कुलूप आणि वर कॅमेरा. काटा असा की पापणीचा एक केस पडला तरी आकडा पळत सुटतो. कागदाला बोट लावायचं नाही, सगळं चिमट्यानं.

आता मुख्य गोष्ट. त्या खोलीत दोन कागद, आमच्या भाषेत रेफरन्स, असे असतात, जे कधीच ट्रकमध्ये जात नाहीत. आपापल्या झाकणाच्या काचेच्या डबीत बसून राहायचं, एवढंच त्यांचं काम. मी रोज त्यांचंही वजन करते. त्यांच्या वजनात ठरल्यापेक्षा जास्त फरक पडला, तर खोलीत काहीतरी बिघडलंय असं धरायचं आणि त्या दिवशीची सगळी मोजणी बाद करायची. म्हणजे स्वतः घराबाहेर पडायचं नाही, पण बाहेर जाऊन आलेल्या प्रत्येकाचा निकाल मात्र यांच्या मर्जीवर! म्हणून एकीचं नाव मी ठेवलं सासूबाई आणि दुसरीचं नणंद.

लॅबमध्ये सगळे हसायचे. माझा नवरा मिलिंद त्याच लॅबमध्ये रस्त्यावरच्या टीमचा इंजिनियर आहे, तो जास्तच हसायचा. कारण मला खरी सासू नाही. तो सातवीत असताना त्याची आई गेली. घरात तिचा एक फोटो आहे, निळ्या साडीतला, त्यापलीकडे मला तिच्याबद्दल फार काही माहीत नव्हतं. मिलिंद त्या विषयावर बोलत नाही. मीही खोदून विचारणाऱ्यांतली नाही.

मे महिना होता. मिलिंदला तीन दिवस सणकून सर्दी झालेली. नाक इतकं चोंदलेलं की चहा आणि काढा यातला फरक त्याला कळत नव्हता. पण पुढच्या आठवड्यात फिल्टरवाली कंपनी रिपोर्ट न्यायला येणार होती, आणि ही शेवटची फेरी — इंदूरहून महू, मानपूर, पुढचा मोठा उतार आणि परत.

"दुसऱ्या कुणाला पाठव ना," मी म्हटलं.

"दुसरा कोण आहे? तूच सांग. सेटिंग पूरी मलाच माहीत आहे."

"मग गोळी तरी घे. डबा तरी घे."

"अगं छोड ना यार, एक दिन की तो बात है."

शब्दाला शब्द वाढला. शेवटी मी म्हणाले, "जा मग, मर तिकडे." डबा ओट्यावरच राहिला. हे मी लपवून ठेवणार नाही, कारण ते वाक्य नंतर कितीतरी दिवस माझ्या कानातून गेलं नाही.

दहा वाजता मी कागदांची वजनं केली. सासूबाई ठीक, नणंद ठीक, ट्रकमध्ये जाणारे कागद डबीत भरून दिले. गाडी निघाली. ड्रायव्हर यादवजी, आयुष्यभर डिझेलच्याच गाड्या चालवलेला शांत माणूस, आणि शेजारी मिलिंद आणि त्याचं मशीन.

नियमाप्रमाणे पुढचं वजन संध्याकाळी, गाडी परत आल्यावर. पण रागात असले की मला साफसफाई सुचते. पावणेबाराला मी खोलीत गेले, काटा पुसला, म्हटलं आलोच आहोत तर एकदा बघून घेऊ.

सासूबाईंच्या डबीचं झाकण उघडलं आणि मला वास आला. जळक्या डिझेलचा. आणि त्याच्या खालून... भाजलेल्या ओव्याचा. तव्यावर ओवा परतताना येतो ना, तसाच उग्र आणि गरम. त्या खोलीत कशाचाच वास नसतो. अत्तर लावून आत यायला बंदी आहे, खायचं-प्यायचं तर सोडाच.

कागद पांढरा नव्हता. राखाडी झाला होता.

मी घाबरले नाही, हे मुद्दाम सांगते. मी चिडले. माझ्या खोलीत ही गडबड? कागद काट्यावर ठेवला — वजन वाढलेलं, थोडंथोडकं नाही, ट्रकमध्ये जाऊन आलेल्या कागदाइतकं. काट्याची तपासणी केली, काटा ठीक. नणंदेचं वजन केलं, एकाच पाकिटातली, एकाच फळीवरची — ती सकाळी होती तशीच, पांढरीशुभ्र.

लॅबचे प्रमुख वर्मा सर. त्यांना इंटरकॉमवर सांगितलं, "सर, रेफरन्स बिगड़ गया. आज का सेशन रद्द करना पड़ेगा. गाड़ी वापस बुला रही हूँ."

"अरे मैडम, पार्टी आ रही है. गाड़ी आधे रास्ते में है. कागज़ ही खराब होगा, दूसरा रख दो ना. शाम को देख लेंगे."

दुसरा ठेवणं दोन मिनिटांचं काम होतं. कुणाला कळलंही नसतं. रिपोर्ट वेळेवर गेला असता आणि मीही शहाणी ठरले असते. पण त्या खोलीत माझं एवढंच तर काम आहे — कागद बदलला की नाही, हे खरं सांगायचं.

"नहीं सर. नियम है. लिखित में मेरा नाम डाल दीजिए," म्हटलं आणि इंटरकॉम ठेवून बाहेर आले.

मिलिंदला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. सकाळचा राग धरून बसलाय, असं मला वाटलं. मग गाडीच्या स्पीकरला जोडलेला यादवजींचा नंबर लावला.

"हां... मैडमजी..."

यादवजी एरवी एका दमात घरच्या सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारतात. आज जीभ जड.

"मिलिंद कुठे आहे?"

"साब तो सो रहे हैं. हमको भी आज... झपकी सी आ रही. धूप बहुत है."

"आत्ता कुठे आहात?"

"मानपुर निकल गए. बस ढलान आने वाली है. उतर के लगा लेंगे गाड़ी."

"नाही. सेशन रद्द झालंय. उतर के नहीं, उतार के पहले. अभी साइड में लो, यादवजी. अभी."

"पर साब ने बोला था कि..."

"साबची बायको बोलतेय! गाडी बंद करा आणि दरवाजा उघडा!"

दरवाजा उघडा, हे मी का म्हणाले, मला माहीत नाही. सेशन रद्द करायला दरवाजा उघडावा लागत नाही. ते तोंडातून गेलं खरं.

इंजिन बंद झाल्याचा आवाज आला. मग दार. मग काहीतरी पडल्याचा आवाज, आणि पुढे नुसती हायवेची घरघर.

पडले ते यादवजी होते. खाली उतरताच गुडघ्यावर बसले. समोरच्या ढाब्यावरची माणसं धावली, त्यांनी मिलिंदला हातापायांना धरून बाहेर काढलं. तो हलवून जागा होत नव्हता. बाहेर बाजेवर घातल्यावर थोड्या वेळानं ओकला आणि डोळे उघडले. महूला हॉस्पिटलमध्ये दोघांना ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, गाडीच्या धुरातला वायू रक्तात भिनला होता, अजून थोडा वेळ गेला असता तर बोलायला कुणी उरलं नसतं.

कारण दुसऱ्या दिवशी सापडलं. इंजिन आणि फिल्टर यांच्यामधला पाइपाचा जोड सैल झालेला. नळी आणि वायरी आत घेण्यासाठी केबिनच्या तळाला आम्हीच भोक पाडलेलं, त्याचं रबर सरकलेलं. एसीसाठी काचा बंद. फिल्टरच्या आधीचा कच्चा धूर गुपचूप आत येत होता आणि फिल्टरच्या पुढचं मोजणारं आमचं मशीन सगळं उत्तम असल्याचं दाखवत होतं. मिलिंदचं नाक बंद. यादवजी म्हणाले, "हमारी नाक तो डीज़ल की ही हो गई है मैडमजी, हमको क्या अलग लगता." हे सगळं समजण्यासारखं आहे. विज्ञान आहे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

प्रश्न माझ्या खोलीचा आहे.

वर्मा सर भला माणूस. त्यांनी नंतर माझे हात धरले, पण म्हणाले, "किसी ने पुराना कागज़ रख दिया होगा." वापरलेले सगळे कागद मोजून झाले, एकही कमी नव्हता. कॅमेऱ्यात सकाळपासून आत येणारी एकटी मी. हवेच्या यंत्रणेत काजळी शिरली असती तर नणंदही काळवंडली असती. आणि एक गोष्ट तर वर्मा सरही मान्य करतात. राखाडी भाग मधोमध गोल होता आणि कडेला पांढरी रेघ. ती रेघ केव्हा उमटते, तर कागद मशीनच्या पकडीत घट्ट बसवून त्यातून धूर ओढला तरच. सासूबाई त्या डबीतून काट्यापलीकडे कधी गेलेल्याच नव्हत्या.

ओव्याचं मी कुणालाच सांगितलं नाही. मोजता येत नाही ते कशाला बोला.

मिलिंद घरी आल्यावर चौथ्या दिवशी, वरण-भात खाता खाता, मी सहज म्हणून सांगितलं. "डबी उघडली तर भाजलेल्या ओव्याचा वास. आता बोल."

त्याचा घास हातातच राहिला.

"ओव्याचा? पक्का?"

"माझं नाक शाबूत आहे."

त्यानं घास ताटात परत ठेवला. मग म्हणाला, "सर्दी झाली की आई तव्यावर ओवा भाजायची. फडक्यात बांधून पुरचुंडी करायची. शाळेत जाताना खिशात घालायची. गरम असायची गं... चटका बसायचा." आणि उठून हात धुवायला गेला. नळ खूप वेळ चालू होता. मी मागे गेले आणि त्याच्या पाठीला डोकं टेकवून उभी राहिले. त्या सकाळच्या वाक्याची माफी तिथेच मागितली. त्याची, आणि खरं सांगायचं तर भिंतीवरच्या निळ्या साडीचीही.

आमच्या लॅबमध्ये मोजणी बाद केली की एक फॉर्म भरायचा असतो. तारीख, कागदाचा नंबर, किती फरक पडला आणि शेवटचा रकाना — कारण. मी एकही रकाना कधी रिकामा सोडलेला नाही. फक्त त्या दिवसाचा सोडला. दरवर्षी ऑडिटवाले त्यावर बोट ठेवतात, "मैडम, यहाँ कुछ लिखना पड़ेगा." मी सांगते, "जिस दिन मालूम पड़ेगा, लिख दूँगी." मी खोटं लिहीत नाही. मग ते पान उलटतात.

बदललेला कागद नियमानं फेकायचा असतो. तेवढा एक नियम मी मोडलाय. तो घरी आहे, फोटोच्या मागे, त्याच काचेच्या डबीत. अजून राखाडीच आहे. ओव्याचा वास मात्र पुन्हा कधी आला नाही.

लग्नात माझ्या मावश्या-आत्या एकजात म्हणाल्या होत्या, नशीबवान आहेस, सासू नाही, सुटलीस. इतकी वर्षं मीही तसंच समजत होते.

सुटले नव्हते मी. आणि फार बरं झालं.